परळ नेमके कोणते?

नंदुरबारहून रुग्णास घेऊन मुंबईस निघालेल्या नवख्या मनुष्याजवळ पत्ता असतो तो एवढाच: 'टाटा रुग्णालय, परळ.' १९४१ साली सुरू झालेले हे कर्करोगाचे रुग्णालय सर्वांस ठाऊक आहे. परंतु ठिकाणाचे नाव ठाऊक असणे आणि वाट ठाऊक असणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

सुरतमार्गे येणारा प्रवासी पश्चिम रेल्वेवर उतरतो. परळ स्थानक मात्र मध्य रेल्वेवर आहे. मुंबई सेंट्रलहून उत्तरेकडे जाणारी धीमी लोकल धरली, म्हणजे महालक्ष्मी, लोअर परळ आणि प्रभादेवी ही स्थानके क्रमाने येतात. 'परळ' हा शब्द ऐकून मधल्याच स्थानकावर उतरणे, ही नवख्याची नेहमीची फसगत. उतरावयाचे ते प्रभादेवीस. २०१८ पर्यंत त्यास एल्फिन्स्टन रोड म्हणत. जलद लोकल तेथे थांबत नाही. पुढे पादचारी पुलावरून परळ स्थानक ओलांडून पूर्वेस उतरावे. रुग्णालय त्याच बाजूस आहे.

मोठ्या शहरात वाट विचारण्यात कमीपणा कसला? मात्र केवळ ठिकाणाचे नाव न विचारता रेल्वे कोणती, दिशा कोणती आणि गाडी जलद की धीमी, हे तिन्ही विचारावे. आजारी माणसाची पायपीट त्यानेच वाचते.