जुन्या चेतकचे हेड वाचवताना

बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली. टू-स्ट्रोक चेतक बंद होऊनही आता बरीच वर्षे लोटली, पण अंगणात झाकून ठेवलेली गाडी पुन्हा सुरू करायची हुक्की चंद्रपूर-गडचिरोलीतही कुणाला तरी येतेच. ब्लॉक उघडायच्या आधी हाती येते ते हेड. त्यात ना व्हॉल्व्ह, ना कॅम. ॲल्युमिनियमचे फिनवाले झाकणच ते, म्हणून बहुतेक वेळा वाचवता येते.

आधी खुणा पाहा

कार्बन लाकडी काडीने खरवडावा, स्क्रूड्रायव्हरने नव्हे. आतला भाग टाचे मारल्यासारखा खडबडीत असेल, तर रिंग तुटून तिचे तुकडे तिथे चेचले गेले आहेत. टोकदार कडा घासून काढाव्यात. त्या तापून लाल होतात आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतात. उथळ खड्डे राहिले तरी चालतात. मात्र रिंगचा एखादा तुकडा खाली क्रँककेसमध्ये गेला असेल, तर नुसते हेड दुरुस्त करून बेअरिंग वाचणार नाही. अशा वेळी इंजिन पूर्ण खोलावेच.

कडा वितळल्या असतील, तर इंजिन तापत होते. पेट्रोलमध्ये दोन टक्के ऑइल पडत होते का, कार्बोरेटर कमी पेट्रोल देत होता का, हे पाहावे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत जातो, वर कोळशाची धूळ फिनमध्ये बसते. काही जण ‘हवा लागावी’ म्हणून हेडवरचा पत्रा काढून टाकतात. झाले उलटेच! मॅग्नेटच्या पंख्याची हवा फिनमधून नेतो तो हाच पत्रा.

प्लगचे आटे

प्लग तिरका घुसवला की मऊ ॲल्युमिनियमचे आटे जातात. प्लगचा व्यास १४ मिमी, पिच १.२५. भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात स्टीलची हेलिकॉइल बसवतात. टॅप सरळ उतरायला हवा. मोठे नुकसान असेल तर लेथवर बुश बसवून घ्यावा.

सपाटी

बसायच्या कडेवरून काळा पट्टा बाहेर गेलेला दिसला, तर तिथून गॅस निसटत होता. जाड काचेवर एमरी पेपर ठेवून हेड इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवावे, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. त्याहून जास्त घासू नये. कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकू लागते.

वेल्डिंग

चीर असेल तर आर्गन वेल्डिंगच. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजारांच्या वर. शिवाय वितळण्याआधी ते लाल होत नाही, त्यामुळे गॅसच्या ज्योतीवर हेड एकदम ढासळते. वेल्डिंगनंतर सपाटी पुन्हा करावी लागते. प्लगच्या भोकाला चीर पोचली असेल, तर मी दुसरे हेड शोधेन. पण पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला असेल, तर हा सल्ला काय कामाचा?

बसवताना

नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाले की पुन्हा तपासावेत. ही फेरी गावातच मारावी, आलापल्ली-भामरागडच्या जंगलरस्त्यावर नको.