टेडी अस्वल : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिंध्यांची बाहुली शिवणे हे आपल्या घराघरांतून आजीकडून नातीकडे चालत आलेले कसब आहे. त्या बाहुलीचा बेत कोणी कागदावर उतरवून ठेवला नाही आणि तशी गरजही कोणास भासली नाही, कारण शिकणारी मुलगी शिकवणारीच्या शेजारीच बसलेली असे. टेडी अस्वलाची गोष्ट निराळी आहे. ते परमुलखातून आले आणि तयार होऊनच आले. त्याच्या पोटात काय भरले आहे, त्याची मान कशाच्या आधाराने फिरते, त्याचे डोळे कशाने धरून ठेवले आहेत, हे उलगडून पाहण्याची संधी आपल्यापैकी फार थोड्यांना मिळाली. सबब ज्यांना ते स्वहस्ते शिवावेसे वाटते त्यांच्या पदरी प्रथम पडते ती ऐकीव माहिती, आणि तिच्यात सत्याबरोबर भ्रमाचाही भरणा असतो. या हस्तव्यवसायात नव्याने पडणाऱ्या मंडळींच्या श्रमाचा आणि महागड्या कापडाचा अपव्यय टळावा, या हेतूने त्यांतील प्रमुख गैरसमजांचा येथे परामर्श घेतला आहे. यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही की अस्वल म्हणजे त्याचे बाह्य रूप. वस्तुतः त्याचे गुणावगुण ठरतात ते शेवटची शिवण बंद झाल्यावर कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या कामावर.

गैरसमज : अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अस्वलाच्या पिल्लाला जीवदान दिले, त्यातून हे खेळणे जन्मास आले.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीस गेले असता, होल्ट कॉलियर या निष्णात वाटाड्याने कुत्र्यांच्या साहाय्याने गाठलेले एक अस्वल झाडाला बांधून ठेवले आणि अध्यक्षांना गोळी झाडण्यासाठी पाचारण केले, परंतु बांधलेल्या जनावरावर गोळी घालणे शिकाऱ्याच्या धर्मास सोडून आहे असे मानून त्यांनी नकार दिला, येथवरची हकीकत खरी आहे. मात्र ते अस्वल पिल्लू नव्हते, आणि ते वाचलेही नाही. जायबंदी झालेल्या त्या प्राण्याच्या यातना संपवाव्यात असा हुकूम दस्तुरखुद्द अध्यक्षांनीच दिला. १६ नोव्हेंबर १९०२ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचे या प्रसंगावरील व्यंगचित्र प्रसिद्ध झाले, पुढे तेच चित्र पुनःपुन्हा रेखाटताना त्यांनी अस्वलाला लहानखुरे, भेदरलेले रूप दिले आणि लोकांच्या स्मरणात राहिले ते हेच पिल्लू. ब्रुकलिनमध्ये मिठाईचे दुकान चालवणारे मॉरिस मिक्टम आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी त्या प्रेरणेने कापडी अस्वल तयार करून दुकानात मांडले, आणि ‘टेडी’ हे अध्यक्षांचे लाडके नाव खेळण्यास कायमचे चिकटले.

गैरसमज : हे काम उपजत हात असलेल्यांचेच, त्यातून यंत्रसामग्री नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

वस्तुस्थिती : अमेरिकेत हे घडत असतानाच, त्याची वार्ताही नसलेल्या जर्मनीतील गिंगेन या गावी मार्गारेटे श्टाइफ यांच्या कारखान्यात स्वतंत्रपणे अस्वल घडत होते. मार्गारेटेंना बालपणीच पोलिओ झाला होता. पाय अधू झाले आणि उजव्या हाताची शक्ती क्षीण झाली, तेव्हा शिवणयंत्र उलट फिरवून ठेवून त्याचे चाक डाव्या हाताने चालवण्याची तजवीज त्यांनी केली. १८८० मध्ये त्यांनी फेल्टचा छोटा हत्ती शिवला तो टाचण्या टोचून ठेवण्यासाठी. मुलांनी तो खेळायला घेतला आणि त्यातूनच खेळण्यांचा धंदा उभा राहिला. त्यांचे पुतणे रिशार्ट श्टाइफ यांनी प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची रेखाटने केली, त्यांवरून १९०२ मध्ये हातपाय हलणारे अस्वल सिद्ध झाले, आणि १९०३ च्या लाइपझिग येथील जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याची ३,००० नगांची मागणी नोंदवली. ज्या बाईंच्या उजव्या हाताला बळ नव्हते त्यांच्या सुईदोऱ्यातून हे सारे निघाले, हा दाखला उपजत कौशल्याची सबब सांगणाऱ्यांनी जरूर ध्यानी घ्यावा. बारीक टोकाची धारदार कात्री, पाच ते सात इंच लांबीची सुई, एक आरी, मजबूत दोरा आणि उलट टीप घालण्याची चिकाटी एवढा सरंजाम पहिल्या अस्वलास पुरतो. दाट उलट टीप घातलेली हातशिवण भराव्याचा ताण यंत्राच्या शिवणीइतकाच सोसते.

गैरसमज : मोहेर म्हणजे केसांसकट कातडे, ते कसेही बेतले तरी चालते.

वस्तुस्थिती : मोहेर म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीचे लांब, चमकदार केस, शेळी न मारता, मेंढीची लोकर कातरावी तसे ते कातरले जातात, त्यांचे सूत काढून सुती वस्त्रावर त्याची लव विणली जाते, आणि हे विणलेले कापड टेडीसाठी वापरतात. म्हणजे त्याला पाठ आहे, धागे आहेत, आणि एका दिशेने निजणारी लवही आहे. कापडावरून तळहात फिरवला असता ज्या दिशेने तो सहज सरकतो ती लवेची दिशा. कापडाच्या पाठीवर पेन्सिलीने तिचा बाण काढून घ्यावा आणि नमुन्यावरील बाण त्याच्याशी जुळवूनच तुकडे आखावेत, नाहीतर एका पायाची लव खाली आणि दुसऱ्याची वर वळून सारे अस्वल विसंगत दिसते.

बेतण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. कापड उलटे पसरावे, दुहेरी घडी कधीही घालू नये, उजवा व डावा तुकडा स्वतंत्र आखावा, आणि कात्रीचे केवळ टोक कापडाच्या पाठीखाली सरकवून, लवेला स्पर्श न करता, थोडे थोडे कापत जावे. कात्री पूर्ण उघडून एका दमात कापले तर पाठीबरोबर लवही कापली जाते, आणि शिवणीच्या दोन्ही अंगांनी जी आखूड केसांची पट्टी उमटते ती पुढे कोणत्याही उपायाने झाकत नाही. याउलट नीट कापलेल्या तुकड्यांची लव शिवताना आत दुमडून घ्यावी आणि सुलट केल्यावर सुईच्या टोकाने शिवणीत अडकलेले केस मोकळे करावेत. मग जोड कोठे आहे हे शोधूनही सापडत नाही.

गैरसमज : मऊ अस्वल हवे असेल तर आत कापूस सैलसर भरावा.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत नुकसानकारक आहे. साधा कापूस ओलावा शोषतो, कालांतराने दबतो, त्याच्या गाठी होतात, आणि दमट हवेच्या कोकणपट्टीत तर त्याला बुरशीचा धोका कायमच असतो. आरंभीच्या अस्वलांत लाकडाचा तंतूसारखा बारीक कीस भरत. पुढे आपल्याकडे उश्यांसाठी परिचित असलेल्या सावरीच्या कापसाचाही उपयोग होऊ लागला. तो हलका असतो आणि त्याच्या तंतूंवरील मेणासारख्या थरामुळे पाणी धरत नाही, परंतु झटकन पेट घेतो आणि भरताना त्याचे तंतू नाकातोंडात जातात, याचे भान ठेवावे लागते. आज बहुतेक कारागीर पॉलिएस्टरचे तंतू पसंत करतात, आणि बैठकीला वजन यावे म्हणून पोटाच्या तळाशी काचेचे किंवा पोलादाचे बारीक मणी वेगळ्या कापडी पिशवीत शिवून ठेवतात.

परंतु काय भरले यापेक्षा कसे भरले याला अधिक महत्त्व आहे. भरावा चिमटीचिमटीने, पिंजून, लाकडी काडीने आत ढकलत भरायचा असतो, आणि आरंभ नेहमी टोकाकडून, म्हणजे नाक, पंजे व तळवे यांपासून करायचा असतो. नाकाचा शेंडा तर इतका घट्ट हवा की अंगठ्याने दाबला असता दबू नये; कारण पुढे त्याच्यावर दोऱ्याचे भरतकाम व्हायचे असते, आणि पोकळ जागेवर घातलेले टाके दोनचार दिवसांतच सैल पडतात. अस्वलाला मऊपणा येतो तो लवेमुळे, पोकळपणामुळे नव्हे.

गैरसमज : हात, पाय आणि मान धडाला शिवून टाकली की काम झाले.

वस्तुस्थिती : पारंपरिक टेडीला पाच सांधे असतात, एक मानेचा, दोन हातांचे आणि दोन पायांचे. प्रत्येक सांध्यात कठीण पुठ्ठ्याच्या दोन चकत्या असतात, एक अवयवात आणि दुसरी धडात; त्यांच्या मधून दुहेरी पिन किंवा नट-बोल्ट आरपार घातलेला असतो. हा सांधा सुरुवातीस किंचित अवघड वाटेल इतका आवळावा, कारण वापराने तो सैल पडणारच असतो. कापडाला भोक पाडताना कात्री वापरू नये. आरीने धागे बाजूस सारून वाट करावी, म्हणजे वीण तुटत नाही आणि भोक पुढे रुंदावत नाही.

गैरसमज : चेहऱ्याची जागा नमुन्यावर ठरलेली असते.

वस्तुस्थिती : नमुन्यावरील खूण ही केवळ सूचना असते. भरल्यानंतर प्रत्येक डोके थोडे वेगळे उतरते. म्हणून मोठ्या काळ्या डोक्याच्या टाचण्या डोळ्यांच्या जागी टोचून चेहरा समोरून, बाजूने आणि काही अंतरावरून न्याहाळावा. डोळे खाली आणि एकमेकांपासून दूर बसवले तर मुद्रा बालिश होते. वर आणि जवळ आणले तर ती प्रौढ, क्वचित उग्रही होते. नाक भरताना मधल्या रेषेपासून प्रारंभ करून आधी एक बाजू, मग दुसरी बाजू पुरी करावी. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेल्यास आकार हटकून तिरका होतो.

गैरसमज : हाताने केलेले अस्वल तान्ह्या मुलाला निर्धास्तपणे द्यावे.

वस्तुस्थिती : या बाबतीत कोणतीही सवलत असू नये. तारेच्या फाशात ओवून शिवलेले काचेचे डोळे शोभिवंत असले तरी ते प्रौढांच्या संग्रहातील अस्वलासाठीच आहेत. वेल्समध्ये वेंडी बॉस्टन यांच्या कारखान्याने १९४८ मध्ये आतून पक्का बसणारा सुरक्षित डोळा आणला, आणि १९५४ मध्ये यंत्रात धुता येणारे अस्वल बाजारात आणले. आज मिळणारे वॉशरचे प्लास्टिक डोळे त्याच परंपरेतले. परंतु तेही भरावा घालण्यापूर्वी, दाट विणीच्या कापडावर आणि देठापेक्षा मोठे भोक न पाडता बसवले तरच पक्के राहतात. तीन वर्षांखालील मुलासाठी डोळे दोऱ्यानेच भरावेत. मणी, बटण, सैल फीत काहीही लावू नये. सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत मावला तर तो लहान मुलाच्या घशात अडकण्याजोगा समजतात, हे मोजमाप प्रत्येक कारागिराला ठाऊक असावे.

विक्री करणाऱ्यांस कायद्याचीही जाण हवी. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अंमलात असून, १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना तो मानक चिन्ह अनिवार्य करतो. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांच्या मालास त्यातून सूट दिलेली आहे. पण ती सूट चिन्हापुरती आहे, दक्षतेपुरती नव्हे.

गैरसमज : एकदा शिवलेले अस्वल आपोआप टिकते, फार तर डांबराच्या गोळ्या टाकाव्यात.

वस्तुस्थिती : मोहेर ही लोकरच असल्याने तिला कसर लागते. नॅफ्थलीनच्या गोळ्यांची वाफ मुलांना अपायकारक आहे, तेव्हा मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत त्या ठेवू नयेत. अस्वल नियमित झटकावे, अधूनमधून उजेडवाऱ्यात ठेवावे, आणि कसरीचा संशय आल्यास प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ ते २० अंश तापमानाच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावे. पुठ्ठ्याच्या चकत्यांचे अस्वल पाण्यात बुडवून धुऊ नये. ओलसर कापडाने लव पुसून सावलीत वाळवावे.

गैरसमज : आपली युक्ती दुसऱ्यास सांगितली तर आपल्या मालाला गिऱ्हाईक उरणार नाही.

वस्तुस्थिती : मार्गारेटे श्टाइफ यांचा तो पहिला हत्ती एका फॅशन-मासिकात सर्वांसाठी छापलेल्या नमुन्यावरून शिवलेला होता. तो नमुना ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांच्या हाती एकच ज्ञान आले, पण त्यातून उभे राहिलेले काम मात्र ज्याचे त्याचे निराळे ठरले. येथे एक विवेक मात्र अवश्य बाळगावा : लव कशी वाचवावी, नाक कसे भरावे, सांधा किती आवळावा ही रीत सर्वांची आहे आणि ती मुक्तहस्ताने द्यावी, परंतु एखाद्याने स्वतः रेखून विक्रीस ठेवलेला नमुना ही त्याची मिळकत आहे, त्याची नक्कल वाटणे किंवा त्याच्या अनुमतीवाचून त्यावरून माल करून विकणे हे सहकाऱ्यास शोभत नाही.

ज्यांना हे कसब अवगत आहे त्यांनी नवागतांना केवळ तयार अस्वल दाखवून थांबू नये. अर्धवट शिवलेले डोके उलटे करून शिवणीची बाजू दाखवावी, रिकामा सांधा हाती देऊन तो आवळून पाहण्यास सांगावे, भरलेल्या नाकावर त्यांचा अंगठा दाबवावा. तयार अस्वल पाहून कौतुक करता येते, पण शिकता येत नाही. शिकायचे ते सारे त्याच्या आत असते, आणि ते आत आहे म्हणूनच जाणत्याने ते उघडून दाखवणे हे त्याचे कर्तव्य ठरते.