चक्रीवादळ मुंबईवर आले तर?

बीड जिल्ह्यात साऱ्या वर्षाचा पाऊस सरासरीने सातशे मिलीमीटरच्या आतच असतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे आपल्यापैकी अनेकांना नवे नाही. अशा भागातील विद्यार्थ्यांना पुढील आकडा वाचून नवल वाटेल. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत, चोवीस तासांत, मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या सव्वा वर्षाच्या पावसाहूनही अधिक पाऊस एका दिवसात!

थोडे गणित करून पाहू. एक चौरस किलोमीटर जागेवर ९४४ मिलीमीटर पाऊस म्हणजे ९ लाख ४४ हजार घनमीटर पाणी. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर हे ९४ हजार ४०० टँकर झाले आणि तेही केवळ एका चौरस किलोमीटरवर! त्या पुरात मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या दिवशी मुंबईवर चक्रीवादळ आलेले नव्हते. तो मॉन्सूनचाच पाऊस होता. मग चक्रीवादळच आले तर काय होईल? पुष्कळांना वाटते, की चक्रीवादळाचा खरा धोका म्हणजे वारा. वाऱ्याने झाडे व पत्रे उडतात हे खरे. परंतु समुद्रकाठच्या सखल शहराला त्याहून मोठे भय पाण्याचे असते. हे पाणी तीन वाटांनी येते.

पाऊस आणि भरती

पहिले पाणी पावसाचे. ते नाल्यांतून समुद्रात जावे अशी योजना असते. पण पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते, हा नियम नाल्यालाही लागू आहे. मुंबईतील पावसाचे पाणी समुद्रात व खाडीत सोडणारी १८६ मुखे आहेत. त्यांपैकी केवळ ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत. उरलेल्या मुखांशी भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नाल्याच्या पाण्याहून उंच चढते. शहराचे पाणी बाहेर जाणे तर दूरच, उलट समुद्रच आत शिरू पाहतो.

भरती हे झाले दुसरे पाणी. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असतो. २६ जुलै २००५ रोजी दुपारी तीनच्या सुमारास जवळजवळ साडेचार मीटरची भरती होती आणि त्याच दुपारी पावसाने जोर धरला. तेच पाणी सव्वासहा तास आधी किंवा नंतर, ओहोटीला आले असते, तर बरेचसे सहज वाहून गेले असते.

वादळाचे उधाण

तिसरे पाणी चक्रीवादळ स्वतः आणते. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो. दाब एक मिलिबारने घटला, की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटीमीटर उंचावते. समजा, दाब ५० मिलिबारने उतरला. तर पाणी अर्धा मीटर चढेल. परंतु खरा जोर वाऱ्याचा. वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलीत नेतो. समुद्र खोल असेल, तर ते पाणी तळाशी परत फिरू शकते. उथळ असेल, तर परतीला जागाच मिळत नाही आणि पाणी किनाऱ्याशी चढत जाते. मुंबईसमोरील समुद्र दूरवर उथळ आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील समुद्रबूड जमिनीची पट्टी याच भागात सर्वांत रुंद आहे.

हे तिसरे पाणी भरतीच्या माथ्यावर येऊन बसले तर काय होते, ते ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कने अनुभवले. 'सँडी' वादळाचे उधाण आणि पौर्णिमेची भरती एकाच वेळी आली, आणि तेथील भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत समुद्र शिरला. मुंबईतही आता भुयारी मेट्रो धावते.

डावी बाजू, उजवी बाजू

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मुंबई मात्र थोडक्यात बचावली. का बरे?

एका पारदर्शक कागदावर वर्तुळ काढा. त्यावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने बाण काढा. उत्तर गोलार्धातील चक्रीवादळात वारा असाच फिरतो. आता कोकणच्या नकाशावर वर्तुळाचे केंद्र श्रीवर्धनजवळ ठेवा. मुंबई केंद्राच्या उत्तरेस येईल आणि तेथे वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे, वाहताना दिसेल. असा वारा पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो. आता केंद्र डहाणूजवळ सरकवा. मुंबईवर वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून जमिनीकडे येईल! सुमारे दोनशे किलोमीटरच्या फरकाने मुंबईचे नशीब पालटते.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' मुंबईसमोरून उत्तरेकडे गुजरातला गेले. ते किनाऱ्यावर न चढताही मुंबईत चोवीस तासांत दोनशे मिलीमीटरहून अधिक पाऊस पडला. मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' ही तराफानौका बुडाली आणि सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अरबी समुद्राचे पाणी तापत आहे, आणि अलीकडच्या दशकांत तेथील चक्रीवादळे वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांना आढळले आहे. तेव्हा नशिबावर विसंबणे बरे नव्हे.

उपाय कोणते?

भरतीच्या वेळी मुखांची दारे बंद करून पाणी पंपांनी समुद्रात टाकायचे, हा एक उपाय. त्यासाठी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध येथे उदंचन केंद्रे उभारली आहेत. तेथील एक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उचलतो. ताशी ५० मिलीमीटर पाऊस पडला आणि सारे पाणी नाल्यात आले, तर एका चौरस किलोमीटरवर सेकंदाला जवळजवळ चौदा हजार लिटर पाणी जमेल. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन-तीन पंप हवेत! मुंबईचे क्षेत्र साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. हिशेब हजार पंपांवर जातो.

यावरून उघड आहे, की केवळ पंपांनी भागणार नाही. भरती उतरेपर्यंत पाणी थोपवून धरण्यास जागा हवी. हिंदमाता परिसरासाठी उद्यान व मैदानाखाली टाक्या बांधल्या आहेत, त्या याच तत्त्वावर. तळी, मोकळी मैदाने आणि खाडीकाठची तिवरांची वने हेच काम फुकट करतात. तिवरे तर लाटांचा जोरही मोडतात. तेथे भराव घालणे म्हणजे शहराची टाकी बुजविणे होय.

दुसरा उपाय पूर्वसूचनेचा. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली 'फायलिन' आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलविले होते. बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात होती. एवढे शहर रिकामे करता येत नाही. परंतु कोळीवाडे, खाडीकाठच्या व नाल्याकाठच्या झोपड्या येथील लोकांना वेळेवर पक्क्या शाळा-इमारतींत नेता येते. लोकल व कचेऱ्या वेळीच बंद ठेवून बाकीच्यांना घरी थांबविता येते. २००५ साली हजारो लोक वाटेतच अडकले होते, हे विसरता कामा नये.

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांचे कोणी ना कोणी मुंबईत पोटापाण्यासाठी राहते. पुढच्या वेळी चक्रीवादळाची बातमी येईल, तेव्हा केवळ वाऱ्याचा वेग पाहू नका. तीन गोष्टी शोधा : वादळ मुंबईच्या उत्तरेस चढणार की दक्षिणेस, पावसाचा जोर केव्हा असणार, आणि भरती किती वाजता आहे. तिन्ही पाणी एकाच वेळी येणार असे दिसले, तर आपल्या माणसांना तसे वेळीच कळवा.