फळीला हलायला जागा ठेवा

करमाळा तालुक्यातील कुगाव, चिखलठाण, वांगी, केत्तूर अशा उजनी धरणाकाठच्या गावांत तुम्ही राहत असाल, तर एक गोष्ट तुम्हाला सहज पाहता येईल. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरते. एखादी लाकडी होडी काठावर उन्हात पडून राहिली, तर तिच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. ती पुन्हा पाण्यात लोटली की आधी गळते आणि मग गळती आपोआप कमी होते. फटी कोणी बुजवल्या? लाकडानेच! बैलगाडीचे खिळखिळे झालेले चाक पाण्यात भिजत ठेवतात, तेही याच कारणाने.

लाकूड म्हणजे बारीक, लांबट पेशींची जुडीच. या पेशींच्या भिंती पाणी शोषतात व जाड होतात. सुकल्या की बारीक होतात. पेशी खोडाच्या लांबीला समांतर असतात. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. यासाठी ती पाण्यात बुडवायला नको, हवेतील बाष्पही पुरते. आता धरण शेजारी आहे म्हणून तिथली हवा बारमाही दमट असेल, असे समजू नका. सोलापूर जिल्ह्यातील मे महिन्याची दुपार कशी कोरडी असते हे तुम्ही जाणताच. पावसाळ्यात तीच हवा ओलसर होते.

थोडे गणित करू. ओले सागवान पूर्ण सुकेपर्यंत वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. हे आकसणे लाकडातील ओल ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर सुरू होते. म्हणजे ओल १ टक्क्याने घटली की रुंदी सुमारे ०.१९ टक्क्याने घटते. तुमच्या टेबलाचा वरचा तक्ता ७५० मिलिमीटर रुंद आहे आणि उन्हाळा व पावसाळा यांत लाकडाच्या ओलीत ६ टक्क्यांचा फरक पडतो, असे धरा. तक्ता साडेआठ मिलिमीटरने कमी-जास्त होईल! खोडाच्या गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कापलेल्या फळ्या वापरल्या, तर हाच फरक पावणेचार मिलिमीटरवर येतो. १२०० मिलिमीटर लांबीत मात्र तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही.

आता हा तक्ता खालच्या चौकटीला चारही बाजूंनी सरस लावून, खिळे ठोकून पक्का केला तर? चौकटीच्या आडव्या पट्टीची लांबी बदलत नाही. तक्त्याची रुंदी बदलते. उन्हाळ्यात तक्ता आकसू पाहतो, पट्टी त्याला सोडत नाही, आणि एके दिवशी तो तडकतो. मग लाकूड वाईट निघाले म्हणून सुताराला बोल लावतात. लाकूड नीट मुरवलेले नसेल तर तडे लवकर जातात हे खरे. पण उत्तम मुरलेले लाकूडही ऋतूप्रमाणे हलतेच. रंग किंवा पॉलिश यांनी ही हालचाल मंदावते, थांबत नाही.

उपाय सोपा आहे. तक्ता मधोमध पक्का करावा आणि कडांकडे स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडावे. भोकाची लांबी तक्त्याच्या रुंदीच्या दिशेने हवी, म्हणजे स्क्रू तक्त्याबरोबर सरकतो. दुसरी रीत जुनी आणि माझ्या मते अधिक सुबक. चौकटीच्या पट्टीला आतून खाच पाडतात, तक्त्याला खालून छोटे लाकडी ठोकळे जोडतात आणि ठोकळ्याचे टोक खाचेत मोकळे अडकवतात.

पाय आणि पट्टी यांचा सांधा मात्र सरस लावून घट्ट करतात. पायात पटाशीने चौकोनी भोक पाडून त्यात पट्टीची जीभ बसवतात. हा सांधा का टिकतो? पट्टीची उंची जेमतेम १०० मिलिमीटर असते. तीत मिलिमीटरभराचाच फरक पडतो आणि तो सांधा सोसतो.

खणाचेही असेच. मे महिन्यात खण अगदी फिट बसवला, तर श्रावणात तो बाहेर येणार नाही. त्या दिवसांत थोडी फट ठेवूनच रंधा थांबवावा.

रुंद, न रंगवलेली सागवानी फळी मिळाली तर स्वतः मोजून पाहा. तिच्यावर आडवी रेघ ओढा आणि दर महिन्याच्या एक तारखेला, वैशाखापासून भाद्रपदापर्यंत, त्याच रेघेवर रुंदी मोजा. फळी सावलीत पण उघड्या हवेत ठेवा, आणि मोजपट्टी लाकडी घेऊ नका का, हे तुमच्या शिक्षकांशी बोलून ठरवा.