खारपाणपट्टा (विदर्भ)

खारपाणपट्टा हा पश्चिम विदर्भातील, म्हणजेच वऱ्हाडातील, पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला सपाट मैदानी प्रदेश आहे. येथील भूजल खारे असल्यामुळे त्यास हे नाव पडले. हा पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मोडतो. सर्वसाधारणपणे दिल्या जाणाऱ्या आकडेवारीनुसार त्याचे क्षेत्रफळ सुमारे 4,692 चौरस किलोमीटर असून त्यात अकोला जिल्ह्यातील 371, अमरावतीतील 347 व बुलढाण्यातील 174 अशी 892 गावे येतात. काही ठिकाणी हा आकडा 894, तर अलीकडच्या कृषी प्रकल्पांच्या कागदपत्रांत 932 असाही आढळतो. पट्ट्याला प्रशासकीय सीमा नाही. विहिरीचे पाणी जेथे खारे लागते तेथे त्याची हद्द सुरू होते, आणि अशी हद्द नकाशावर नेमकी आखणे अवघड असते.

भूरचना

पट्ट्याच्या उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार आहे. मधला भाग जमीन खचून तयार झालेला खोलगट भाग असून तो नद्यांनी आणलेल्या गाळाने भरला आहे. काही ठिकाणी गाळाचा थर शेकडो मीटर जाडीचा आहे. पूर्णा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. तिला सातपुड्यातून चंद्रभागा, शहानूर, वान, तर दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन या नद्या येऊन मिळतात.

सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी असलेल्या पट्टीत पाणी गोड आहे. अंजनगाव सुर्जी, अकोट, अचलपूर या भागांत संत्र्याच्या बागा, केळी व पानमळे दिसतात ते त्यामुळेच. तेथून पूर्णेच्या दिशेने काही किलोमीटर खाली आले, की बागा संपतात आणि क्षितिजापर्यंत काळी, झाडविरळ शेते सुरू होतात. पाऊस दोन्हीकडे फारसा वेगळा नाही. त्यामुळे खारपाणपट्ट्याला नुसते ‘अवर्षणग्रस्त’ म्हणणे अपुरे ठरते. येथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही.

खारेपणाचे कारण

येथे पूर्वी समुद्र होता अशी समजूत लोकांत रूढ आहे. भूशास्त्रज्ञांचा कल मात्र वेगळ्या स्पष्टीकरणाकडे आहे. खोलगट खोऱ्यात साचलेल्या पाण्याचा पूर्वीच्या कोरड्या काळात बाष्पीभवनाने ऱ्हास झाला, क्षार मागे राहिले, आणि चिकण गाळातून निचरा नीट न झाल्यामुळे ते तेथेच अडकून पडले, असे ते मानतात.

या क्षारांचा एकेकाळी उपयोगही होत असे. अकोला जिल्ह्यातील दहिहंडा परिसरात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई. इंग्रजी अमलात हा धंदा संपला. पुढे 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडाला कायदेभंगासाठी दहिहंड्याच्या याच विहिरी उपयोगी पडल्या.

माती व शेती

जमीन खोल, काळी व अतिशय चिकण आहे. तिच्यात सोडियमचे प्रमाण अधिक असल्यामुळे ओली झाली की मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली मुरत नाही. पावसाळ्यात शेतात चिखल व साचलेले पाणी, तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, हे येथील नेहमीचे दृश्य होय. अशा जमिनीला खारे पाणी दिल्यास सोडियम आणखी वाढतो आणि काही हंगामांत शेत दगडासारखे घट्ट होते. विहीर खोदून बागायत करण्याचा जो मार्ग इतरत्र शेतकऱ्यास उपलब्ध असतो, तो येथे बंद आहे.

परिणामी शेती प्रामुख्याने कोरडवाहू राहिली. खरिपात कापूस, तूर, मूग, उडीद व ज्वारी, आणि पावसाने चांगली ओल धरली असेल तर रब्बीत हरभरा व करडई ही पिके घेतली जातात. मुगाच्या काढणीनंतर त्याच ओलीवर हरभरा पेरण्याची पद्धत दर्यापूर भागात रुजलेली आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने जिप्समचा वापर, रुंद वरंबा-सरी पद्धत व शेततळे यांवर भर दिला आहे. पाणी फारसे मुरत नसल्यामुळे शेततळ्यात ते टिकते. इतर बाबतीत नडणारा मातीचा हा दोष येथे गुण ठरतो. पूर्णेवर नेरधामणा व घुंगशी येथे बॅरेज आणि बुलढाणा जिल्ह्यात जिगाव प्रकल्प यांद्वारे नदीचे गोडे पाणी अडविण्याचे प्रयत्न झाले आहेत.

लोकसंख्या व वस्ती

जनगणना जिल्हा व तालुकानिहाय होते, त्यामुळे पट्ट्याची स्वतंत्र लोकसंख्या तीत मिळत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार दर्यापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 75 हजार व भातकुली तालुक्याची सुमारे 1 लाख 13 हजार होती. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. अकोला व अमरावती जिल्ह्यांची वाढ मात्र 11 टक्क्यांच्या आसपास होती. त्याच काळात अमरावती शहर सुमारे साडेपाच लाखांवरून जवळपास साडेसहा लाखांवर गेले. अमरावती जिल्ह्यात दशकभरात वाढलेल्या लोकसंख्येपैकी एक तृतीयांशाहून अधिक या एका शहरातच वाढली.

गावांत कुणबी, माळी, बौद्ध, मुस्लिम व कोळी समाजाची वस्ती आहे. बोलीभाषा वऱ्हाडी आहे. जुनी गावे बहुधा नदी-नाल्यांच्या काठी वसलेली असून मातीच्या सपाट छपरांची, म्हणजे धाब्याची, घरे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. पाणी न मुरणारी खारी माती धाब्यावर अंथरली की छत गळत नसे. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यामुळे पक्क्या घरांच्या भिंतींना मात्र तडे जातात. पूर्णाकाठी भातकुली तालुक्यातील ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र गाडगे महाराजांच्या कार्यामुळे विशेष प्रसिद्ध आहे. अरुंदमापी ‘शकुंतला’ रेल्वे मूर्तिजापूरहून दर्यापूर व अंजनगावमार्गे अचलपूरला जात असे. याच पट्ट्यातील कापसाने तिला माल पुरविला.

रब्बीचे पीक हाती न आल्यास मजुरांना दिवाळीनंतर गावात काम उरत नाही आणि अनेक कुटुंबे शहरांकडे जातात. खारपाणपट्ट्यातील गावात मुलगी देण्यास पालक नाखूश असतात, हेही वऱ्हाडात सर्रास ऐकू येते. पाणी आणण्याचे काम घरातील स्त्रीकडेच असल्यामुळे या नाखुशीमागील कारण समजण्यासारखे आहे.

पिण्याचे पाणी

पिण्याच्या पाण्यासाठी पट्टा डोंगराकडील धरणांवर अवलंबून आहे. वान नदीवरील धरणातून अकोट-तेल्हारा भागातील 84 खेडी योजना, काटेपूर्णेतून खांबोरा योजना आणि शहानूर धरणातून अंजनगाव-दर्यापूर भागातील 156 गावांची योजना यांद्वारे नळाने पाणी पोहोचविले जाते. लांबच्या जलवाहिन्या फुटणे, वीजपुरवठा खंडित होणे व शेवटच्या गावापर्यंत दाब न राहणे या कारणांनी पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येते. अशा वेळी लोकांना पुन्हा हातपंपाचे खारे पाणी वापरावे लागते.

तेल्हारा, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतील काही गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या आहेत. ग्रामस्थ त्यांचा संबंध खाऱ्या पाण्याशी जोडतात. उष्ण हवामानात पाणी कमी पिणे, वेदनाशामक औषधे आणि कीटकनाशके हेही घटक अशा आजारांत विचारात घेतले जातात. मात्र पाण्यातील विद्राव्य क्षार पिण्याच्या मर्यादेहून अधिक असल्याचे अनेक गावांतील तपासण्यांत दिसून आले आहे. धरणांतील याच साठ्यांवर सिंचन व मोठ्या शहरांचाही हक्क आहे. वान धरणाचे पाणी इतरत्र वळविण्यास तेल्हारा भागातील शेतकऱ्यांनी केलेला विरोध त्यातूनच उद्भवला.