रुग्णापर्यंत न पोचलेलं पाणी

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात. लघवीवाटे जातं ते जेमतेम दीड-दोन लिटर. इतका काटकसरी अवयव निकामी झाला, की त्याच्या जागी येणारं यंत्र मात्र पाणी अक्षरशः ओततं.

डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर द्रावण वाहतं, म्हणजे चार तासांत 120 लिटर. डायलायझरमध्ये हे द्रावण आणि रुग्णाचं रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन त्यातून रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कार्बन फिल्टर आणि आरओ प्लँटमधून जातं. आरओमध्ये निम्मं पाणी शुद्ध होऊन पुढे गेलं असं धरलं, तरी उरलेलं 120 लिटर ‘रिजेक्ट’ म्हणून बाहेर पडतं. दहा खाटा, तीन पाळ्या असं केंद्र धरा: रोज 3,600 लिटर.

‘रिजेक्ट’ या नावानेच घात केला आहे. हे पाणी रुग्णाच्या जवळपासही गेलेलं नसतं. ते नळाचंच पाणी, फक्त क्षार वाढलेले. डायलायझरमधून बाहेर पडणारं द्रावण वेगळं. त्यात रुग्णाच्या रक्तातला युरिया असतो, ते सांडपाणीच. दोन्ही एकाच गटारात सोडणं मला बघवत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात डॉ. जॉन एगर यांनी हा फरक ओळखला. देश दीर्घ दुष्काळातून जात असताना त्यांच्या रुग्णालयाने रिजेक्ट पाणी टाकीत साठवून स्वच्छतागृहांच्या फ्लशला आणि बागेला वळवलं. घरी डायलिसिस करणाऱ्या रुग्णांनाही त्यांनी हा मार्ग दाखवला.

आपल्याकडे 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. तहानलेल्या जिल्ह्यांतही डायलिसिस हवंच. एकाही रुग्णाची पाळी चुकता कामा नये. म्हणून तर रिजेक्ट पाण्याची किंमत तिथे सर्वांत जास्त. बोअरचं पाणी जड असेल तर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्यावा, सॉफ्टनरमुळे सोडियम वाढलेलं पाणी झाडांना घालू नये. फ्लशला आणि फरशी पुसायला ते बहुतेक वेळा चालतं.

बचतीच्या आणखी वाटा आहेत. लहान चणीच्या रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्रावणाचा वेग मिनिटाला 400 मिलिलिटरवर आणता येतो. दर वेळी 24 लिटर वाचतात. रक्तनळ्यांचं प्लॅस्टिक लाल पिशवीतच गेलं तर निर्जंतुक होऊन त्याचं पुनर्चक्रण होऊ शकतं. आणि मधुमेह, रक्तदाब वेळेत आटोक्यात आला, लघवीतलं अल्ब्युमिन लवकर सापडलं, तर कित्येकांवर या खाटेची वेळच येत नाही किंवा वर्षानुवर्षं लांबते. पाणी, वीज, प्लॅस्टिक या सगळ्यांची यापेक्षा मोठी बचत नाही, आणि माणसाचं सुख तर कुठल्याच हिशेबात मावत नाही.

पण जिथे केंद्र उभं राहायचं आहे, तिथे इमारतीचा नकाशा अजून कागदावर असतो. आरओच्या खोलीतून वेगळा पाइप, एक टाकी, एक छोटा पंप. त्याच नकाशात आज तो काढला तर उद्या भिंत फोडावी लागत नाही.