टर्बोचा ओव्हरबूस्ट आणि अनुमानातल्या चुका

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, हा धूर आणि हा पर्वत किती शतकं चालणार? रोजच्या जगण्यातलं काही उदाहरण नाही का?" आहे. माझ्याच डिझेल गाडीचं आहे आणि मला चांगलंच महागात पडलेलं आहे. आज तेच घेऊ.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना पुढच्या ट्रकला मागे टाकावं म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने एकदा जोर घेतला आणि लगेच मरगळली. चेक इंजिनचा दिवा लागला. मागून बस येतेय, बाजूला ट्रक, आणि गाडी पिकअप घेत नाही! कसंबसं कडेला घेतलं. बंद करून पुन्हा चालू केली तर गाडी ठीक. याला लिंप मोड म्हणतात. इंजिनचा संगणक धोका ओळखून ताकद कापतो, म्हणजे गाडी लंगडत का होईना घरी पोचते.

पुण्यात गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०२३४, अर्थ 'ओव्हरबूस्ट'. मालक म्हणाले, "टर्बो गेला, बदलावा लागेल." मी साठ-पासष्ट हजार रुपये मोजले. गाडी गावात तीन आठवडे छान चालली. पुन्हा साताऱ्याला निघालो, आणि त्याच घाटात तोच प्रकार.

आयुष्यभर अनुमान शिकवलेल्या माणसाने एक साधा प्रश्न विचारला नव्हता: हेतू काय आणि त्यावरून सिद्ध काय होतं?

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, तर इंधन जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आजच्या लहान गाडीतला टर्बो जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. म्हणून दाबावर लगाम हवाच. लगाम सुटला तर टर्बो मर्यादेबाहेर फिरतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि हेड गॅस्केटपर्यंत नुकसान पोचू शकतं. तेव्हा कोड पुसून तशीच गाडी हाकणं हा काही उपाय नव्हे.

हा लगाम दोन प्रकारचा असतो. साध्या टर्बोत वेस्टगेट नावाचं झडप असतं. दाब वाढला की तोच दाब नळीतून येऊन झडप उघडतो आणि जादा वायू चक्राला वळसा घालून निघून जातो. दुसऱ्या प्रकारात चक्राभोवती हलणारी पाती असतात. पाती मिटली की वाट अरुंद होते, वायू वेगाने चक्रावर आदळतो आणि दाब वाढतो. उघडली की दाब उतरतो. माझ्या गाडीसारख्या अनेक गाड्यांत ही पाती व्हॅक्यूमने ओढली जातात. व्हॅक्यूम मिळाला की पाती मिटतात, सुटला की उघडतात. किती व्हॅक्यूम द्यायचा हे संगणक एका सोलेनॉइड व्हॉल्व्हमार्फत ठरवतो.

आता न्यायशास्त्राकडे येऊ. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त उपाधी समजावताना ओल्या सरपणाचं उदाहरण येतं. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलट केलं, जिथे अग्नी तिथे धूर, तर ते चुकतं. लालबुंद लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी सरपण ओलं लागतं. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी.

गॅरेजमध्ये ही उपाधी रोज भेटते. कुणी सांगतं, "नळी निघाली की बूस्ट वाढतो." खरं आहे का? वेस्टगेटच्या साध्या टर्बोत खरं आहे, कारण झडपेपर्यंत दाबच पोचत नाही आणि ते उघडत नाही. पण व्हॅक्यूमच्या टर्बोत नळी निघाली तर पाती उघडी राहतात आणि बूस्ट कमी होतो. एकच बिघाड, परिणाम अगदी उलटे! म्हणून पहिला प्रश्न हाच: माझ्या गाडीतला लगाम कोणत्या प्रकारचा आहे?

दुसरा प्रश्न कोडचा. पी०२३४ असं म्हणत नाही की टर्बो बिघडला. तो एवढंच सांगतो की संगणकाने मागितलेल्या दाबापेक्षा सेन्सरला जास्त दाब दिसला. हे अनेक कारणांनी होऊ शकतं: काजळीने पाती अडकलेली, सोलेनॉइड बिघडलेला, सेन्सर खोटं बोलतोय, किंवा कुणी चिप-ट्यूनिंग करून ठेवलंय. जो हेतू अनेक साध्यांबरोबर सापडतो, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. त्यावरून एकच निष्कर्ष काढणं म्हणजे हेत्वाभास.

मग करायचं काय? साताऱ्यातल्या एका छोट्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने मला ते दाखवलं. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "काका, टर्बो बदलायच्या आधी कुणी प्रेशर बघितलं होतं का?"

त्याने आधी साक्षीदार तपासला. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली, अशा वेळी बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला तो साधारण १०१३ मिलिबार असतो, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला ८६० च्या. इंजिन बंद असताना सेन्सर ११५० दाखवत असेल, तर टर्बोला हात लावू नका, सेन्सर बघा. इथेच आणखी एक फसगत होते. स्कॅनर बहुतेक वेळा हवेच्या दाबासकट आकडा देतो, तर नळीला लावलेला काटेरी गेज फक्त वरचा दाब देतो. स्कॅनरवरचे २१०० आणि गेजवरचे साधारण ११५० हे पुण्यात एकच आहेत. दोन्हींची तुलना करून "केवढा फरक!" म्हणायचं नाही.

माझा सेन्सर खरं बोलत होता. मग आम्ही घाटाकडे गेलो. हा दोष भार आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून तर गावातल्या चाचणीत नवा टर्बो 'पास' झाला होता. तो चालवत होता, मी शेजारी बसून स्कॅनरची नोंद घेत होतो. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हे लक्षात ठेवा. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर मागणी २१०० आणि प्रत्यक्ष २४५०.

आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त सांगतो. पाय दाबताच दाब क्षणभर उसळून खाली आला, तर पाती हलतात पण उशिरा, जड होऊन. तो वर जाऊन तिथेच राहिला, तर लगाम सुटतच नाहीये. आमचा दाब वर जाऊन तिथेच राहिला होता.

आता दोनच मुख्य संशयित उरले: पाती किंवा त्यांना चालवणारी व्यवस्था. इथे जॉन स्टुअर्ट मिलची भेदपद्धती उपयोगी पडते, १८४३ च्या 'सिस्टिम ऑफ लॉजिक'मधली. बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. त्याने हातपंपाने ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम दिला. दांडी न अडकता आत गेली, सोडताच झटकन परत आली. म्हणजे पाती मोकळी आहेत. काजळी असती तर दांडी अडखळली असती. मग ॲक्च्युएटरची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि थोडं अंतर हळू चालवलं. गाडी संथ झाली, दाब वाढला नाही. पातीच मिटून अडकली असती, तर नळी काढूनही दाब चढला असता. दोष नियंत्रणाच्या बाजूला होता.

सोलेनॉइड काढला. व्हॅक्यूम सोडण्यासाठी त्याला बाहेरची हवा आत घेणारं एक तोंड असतं, त्यावर छोटा फिल्टर. तो धूळ आणि तेलाने पूर्ण बुजला होता. हवा आत येत नव्हती, व्हॅक्यूम सुटत नव्हता, पाती मिटलेलीच राहत होती. सोलेनॉइड बदलला, पुन्हा त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये नोंद घेतली. मागणी आणि प्रत्यक्ष दोन्ही रेषा जवळजवळ एकावर एक आल्या. खर्च टर्बोच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

पहिल्या गॅरेजने मला फसवलं, असं मी म्हणणार नाही. त्यांचा अनुभव असेल की असा कोड आला की टर्बोच निघतो. पण अनुभवातल्या व्याप्तीला उपाधी असते, आणि ती शोधायची जबाबदारी माझीही होती. मी विचारलं नाही, कारण स्कॅनरवरचा कोड मला प्रत्यक्ष प्रमाणासारखा वाटला. तो धूर होता, अग्नी नव्हता. जुना टर्बो मी तिथेच सोडून आलो होतो, त्यामुळे तो खरंच बिघडलेला होता का, हे आता मला कधीच कळणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "अमुक गेलंय, बदला," तर तीनच गोष्टी विचारा. काय मोजलं? त्याच लक्षणाची आणखी कोणती कारणं असू शकतात? आणि ती कशाने बाद केली? गाडीच्या बाबतीत विचारा, डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन बसलात तरी नम्रपणे विचारा.

इथे थांबतो. पुढच्या वेळी हेत्वाभासाचे उरलेले प्रकार घेऊ.